'बायनॉक्युलर' आणि 'दुर्बीण' : दोन नावांचा इतिहास

एखाद्या उपकरणाला नाव देताना भाषा त्याच्या अनेक गुणांपैकी एखादाच गुण उचलते आणि बाकीचे सोडून देते. कोणता गुण उचलला गेला हे पुष्कळदा योगायोगावर अवलंबून असते; परंतु एकदा नाव पडले म्हणजे त्या योगायोगाचे परिणाम शतकानुशतके टिकतात. दोन नळ्या, चार टोकांना भिंगे आणि मध्ये एक बिजागरी असे जे साधन पक्षिनिरीक्षक गळ्यात अडकवून हिंडतात, त्याला इंग्रजीत 'बायनॉक्युलर्स' म्हणतात व मराठीत 'दुर्बीण'. वस्तू एकच, परंतु इंग्रजी शब्द पाहणाऱ्याचे डोळे मोजतो आणि मराठी शब्द अंतर सांगतो. ही भिन्नता वरवरची नाही. दोन्ही शब्दांची घडण, त्यांचे अर्थविस्तार, इतकेच नव्हे तर मराठी परिभाषेपुढील एक अद्याप न सुटलेला प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे वळू. 'बायनॉक्युलर' हा लॅटिन घटकांपासून, बहुधा फ्रेंच 'बिनोक्युलेर'च्या द्वारे, इंग्रजीत आला. त्याचा उत्तरभाग 'ओकुलुस' म्हणजे डोळा, यापासून साधलेल्या 'ओकुलारिस' या विशेषणाचा आहे. पूर्वभागाविषयी मात्र विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. हा भाग 'बि' हा उपसर्ग नसून 'बिनी' हा शब्द आहे. मधला 'न' उच्चारसौकर्यासाठी घुसलेला नाही. 'बिनी' हे लॅटिनमधील विभागवाचक संख्याविशेषण होय. 'दुओ' म्हणजे दोन, तर 'बिनी' म्हणजे दोन दोन, प्रत्येकी दोन किंवा जोडीने असलेले. लॅटिन लेखक जोडीने वापरावयाच्या वस्तूंची गणना करताना याच शब्दाचा आश्रय करीत. 'बायनरी' आणि 'कंबाइन' हे इंग्रजी शब्दही याच 'बिनी'चे वंशज आहेत. सबब 'बायनॉक्युलर' म्हणजे नुसते 'दोन डोळ्यांचे' नव्हे. 'डोळ्यांच्या जोडीचे' असा त्याचा काटेकोर अर्थ आहे.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला हे दोन्ही घटक अनोळखी वाटू नयेत. जुन्या लॅटिनमधील शब्दारंभीचा 'द्व' पुढे 'ब' झाला. 'दुएनोस'चा 'बोनुस' आणि 'दुएल्लुम'चा 'बेल्लुम' झाला तो याच नियमाने. त्यामुळे 'बिस' व संस्कृत 'द्विः' ही एकाच मुळाची रूपे ठरतात आणि 'बिनी' त्याच कुळात येतो. 'ओकुलुस' आणि 'अक्षि' यांचे नाते तर तौलनिक व्याकरणाच्या पहिल्या पाठातच शिकविले जाते. मौजेची गोष्ट अशी की संस्कृतात 'अक्षिणी' असे द्विवचनाचे स्वतंत्र रूप होते. मराठीने द्विवचनही टाकले आणि नित्याच्या बोलीत 'अक्षि'ही टाकले. हिंदीने 'आँख' राखली, मराठीने 'डोळा' स्वीकारला. हा शब्द प्राकृतातील 'डोल' या देशी शब्दाशी जोडला जातो. 'अक्षि'ची आठवण मराठीत उरली ती 'गवाक्ष', 'रुद्राक्ष', 'मीनाक्षी' अशा तत्सम शब्दांत.

या शब्दाचा इंग्रजीतील पहिला उपयोग कोणत्याही उपकरणासाठी झालेला नाही. विल्यम डेरम या धर्मोपदेशकाचा निसर्गातील ईश्वरी योजनेवरील ग्रंथ १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्राण्यांच्या डोळ्यांची संख्या सांगताना बहुतेक प्राणी 'बायनॉक्युलर' असतात असे तो म्हणतो, आणि कोळ्यांचे वर्णन करताना आठ डोळ्यांसाठी व सहा डोळ्यांसाठी तशीच विशेषणे योजतो. तेव्हा या शब्दाचे पहिले विशेष्य जीव आहे. दोन्ही डोळ्यांनी होणारे, दोन्ही डोळ्यांसाठी असलेले, हा अर्थ १७३८ च्या सुमारास आढळू लागतो. चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये घनदर्शकाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात 'बायनॉक्युलर' हे विशेषण दृष्टीला लागलेले आहे. दोन डोळ्यांना दिसणारी किंचित भिन्न चित्रे एकत्र येऊन खोलीचा बोध कसा होतो, हा त्या निबंधाचा विषय. नाम म्हणून, म्हणजे 'काच' हे विशेष्य गळून जाऊन नुसतेच 'बायनॉक्युलर', असा प्रयोग १८७१ च्या सुमारास नोंदलेला आहे. तोपर्यंत या साधनाला 'बिनॉकल' असेही एक नाव होते. शब्द जिवाकडून दृष्टीकडे, दृष्टीकडून साधनाकडे सरकला आणि शेवटी विशेषणाचे नाम झाले.

साधन मात्र शब्दाहून पुष्कळच जुने आहे. मिडलबर्ग येथील चष्मे बनविणारा हान्स लिपर्शी याने २ ऑक्टोबर १६०८ रोजी नेदरलंडच्या राज्यसभेकडे आपल्या नव्या साधनासाठी एकाधिकार मागितला. राज्यसभेच्या नोंदीत त्या वस्तूला नाव नाही. 'दूर पाहण्याचे एक साधन' एवढेच वर्णन आहे. सभासदांनी साधनाची परीक्षा घेतली व एक विलक्षण अट घातली: दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे साधन करून द्यावे. लिपर्शीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात तसे साधन करून दिले आणि त्याबद्दल त्याला ९०० गिल्डर मिळाले. एकाधिकार नाकारला गेला, कारण ही विद्या आणखी काही जणांना अवगत असल्याचे तोवर उघड झाले होते. म्हणजे एकनळी दूरदर्शी साधनाचा लेखी इतिहास जेथे सुरू होतो, तेथेच अवघ्या काही आठवड्यांत दोननळी साधनही उभे आहे. गॅलिलिओने आपली नळी आकाशाकडे रोखली ती त्यानंतर.

नावांची गर्दी याच सुमारास सुरू झाली. गॅलिलिओ १६१० च्या आपल्या लॅटिन ग्रंथात 'पर्स्पिसिलुम' असा शब्द वापरतो, जो पूर्वी चष्म्यासाठी चालत असे. 'टेलिस्कोप' हे नाव १४ एप्रिल १६११ रोजी रोम येथे गॅलिलिओच्या सन्मानार्थ लिंचेई अकादमीने दिलेल्या मेजवानीत पुढे आले. ते घडविणारा योव्हान्नी देमिसियानी हा ग्रीक गणितज्ञ व धर्मशास्त्रज्ञ होता असे मानतात. 'टेले' म्हणजे दूर, 'स्कोपेइन' म्हणजे न्याहाळणे. जर्मनांनी 'फेर्नरोर', म्हणजे दूरची नळी, म्हटले. डचांनी 'फेरेकायकर', म्हणजे दूर पाहणारा, म्हटले. या सर्व नावांचा भर अंतरावर आहे. दोननळी साधनासाठी मात्र युरोपीय भाषांचे एकमत झाले नाही. फ्रेंचांना त्यात जुळ्या बहिणी दिसल्या व त्यांनी 'ज्युमेल' हे नाव दिले. स्पॅनिश भाषेत आतील लोलकांवरून 'प्रिस्मातिकोस' हे नाव चालते. इटालियन व रशियन यांनी 'बिनी' आणि 'ओकुलुस' यांचीच रूपे घेतली. डच लोक मात्र 'फेरेकायकर' याच शब्दाने दोननळी साधनाचाही निर्देश करतात. ज्या देशात दोन डोळ्यांचा आग्रह प्रथम धरला गेला, त्या देशाच्या भाषेने डोळे मोजलेच नाहीत.

सतराव्या शतकात शिर्ल दे र्‍हाइटा आणि शेरूबँ दोर्लेआँ या दोन कॅप्युचिन साधूंनी दोननळी साधनाचा हिरिरीने पुरस्कार केला. र्‍हाइटाचा ग्रंथ १६४५ चा, शेरूबँचा १६७१ चा. नेत्रभिंग व वस्तुभिंग या अर्थांच्या ज्या संज्ञा युरोपात रूढ आहेत, त्या र्‍हाइटाकडून आल्या असे मानले जाते. परंतु लांब नळ्या समांतर धरून ठेवणे ही कटकटीची गोष्ट होती, आणि दोननळी साधन दीर्घकाळ केवळ कुतूहलाचा विषय राहिले. एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहांनी त्याला नवे जीवन दिले. विएन्नाच्या फोइग्टलेंडरने १८२३ मध्ये नाटक पाहण्याच्या जोडनळ्यांचा एकाधिकार घेतला. दोन वर्षांनी पॅरिसच्या लमिएरने मधल्या एकाच चक्राने दोन्ही नळ्यांचे केंद्रीकरण साधले. इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये लोलकांच्या योगे उलटी प्रतिमा सुलटी करण्याची व नळीची लांबी घडी घालून कमी करण्याची युक्ती नोंदविली. ती व्यवहारात उतरावयास उत्तम काचेची वाट पाहावी लागली. एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली त्साइस कारखान्याच्या लोलकयुक्त जोडनळ्या १८९४ मध्ये बाजारात आल्या. 'बायनॉक्युलर'चे स्वतंत्र नाम होणे आणि वस्तू खिशात मावण्याजोगी होणे या दोन घटना एकाच अर्धशतकातल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वस्तू सर्वांच्या हाती आली की विशेषणाला विशेष्याची गरज उरत नाही.

इंग्रजीने पुढे या शब्दाला अनेकवचन लावले आणि वर 'पेअर' हा शब्दही जोडला. 'अ पेअर ऑफ बायनॉक्युलर्स' या प्रयोगात दोनपणा तीनदा सांगितलेला आहे: एकदा 'पेअर'मध्ये, एकदा 'बिनी'मध्ये आणि एकदा अनेकवचनाच्या प्रत्ययात. हा इंग्रजीचा जुना स्वभावच आहे. कात्री, चिमटा, विजार, चष्मा या वस्तू इंग्रजीत अनेकवचनी आहेत. मराठीत त्या सर्व एकवचनी. मराठी माणसाला कात्रीची दोन पाती दिसत नाहीत असे नव्हे. पण ती मोजण्याची जबाबदारी त्याची भाषा नामावर टाकीत नाही.

आता 'दुर्बीण' या शब्दाकडे. हा शब्द फारसी 'दूरबीन'चा मराठी अवतार होय, याविषयी कोशकारांत मतभेद नाही. मोल्सवर्थच्या कोशात त्याची नोंद फारसी म्हणून आहे, आणि माधव त्रिंबक पटवर्धन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश ज्या शब्दसंपत्तीचा मागोवा घेतो, तिच्यातलाच तो आहे. 'दूर' हा शब्द संस्कृत आणि इराणी भाषांत एकरूपच आहे. 'बीन' हे 'दीदन', म्हणजे पाहणे, या क्रियापदाचे वर्तमानकालीन अंग. प्राचीन इराणीतील 'वैन्' या धातूपासून ते आले. शब्दारंभीच्या 'व'चा फारसीत 'ब' होतो. संस्कृत 'वात' आणि फारसी 'बाद', संस्कृत 'विंशति' आणि फारसी 'बीस्त' या जोड्या ताडून पाहाव्यात. वैदिक 'वेन्' हा धातू, ज्यात उत्कंठेने लक्ष लावून राहण्याचा भाव आहे, 'वैन्'चाच भाऊ समजला जातो. तेव्हा ज्याला परका समजावे त्या शब्दाचे दोन्ही अर्धे भाग संस्कृतचे सगोत्र निघतात. 'बायनॉक्युलर'च्या बाबतीतही आपण हेच पाहिले. फरक एवढाच की एक नातेवाईक दारातून आला व दुसरा समुद्रावरून.

फारसीत 'दूरबीन' हे साधनाचे नाव होण्यापूर्वी माणसाचे विशेषण होते: ज्याला पुढचे दिसते असा, विवेकी. 'बदबीन' म्हणजे वाईटच पाहणारा आणि 'खुदबीन' म्हणजे स्वतःलाच पाहणारा, हे त्याचे सोबती. संस्कृतातही हीच वाट दिसते. 'दूरदर्शी' हा शब्द अमरकोशात विद्वानाच्या पर्यायांत येतो, आणि अन्य कोशांत गिधाडालाही तेच नाव मिळालेले आहे. भिंगाची नळी आली तेव्हा फारसी भाषिकांनी नवा शब्द घडविला नाही. शहाण्या माणसाचे विशेषण त्यांनी नळीला दिले. इंग्रजीत दोन डोळ्यांच्या जिवाचे विशेषण नळीला गेले, फारसीत दूर पाहणाऱ्या माणसाचे. दोहोंकडे प्रक्रिया एकच आहे, निवडलेला गुण वेगळा.

पश्चिम भारतात हे साधन लौकर पोहोचले. जेरेमाया शेकर्ली या इंग्रज ज्योतिर्विदाने १६५१ मध्ये सुरत येथून बुधाचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहिले. सवाई जयसिंहाच्या आश्रयाने अठराव्या शतकात फारसीत सिद्ध झालेल्या झीज-इ-मुहंमदशाही या ग्रंथात दुर्बिणीतून दिसणाऱ्या शुक्र-बुधाच्या कला व गुरूचे उपग्रह यांचा उल्लेख आहे. दरबार, लष्कर आणि व्यापार यांची भाषा फारसी असताना ही वस्तू आली म्हणून ती फारसी नाव घेऊन आली. याचा पडताळा दुसऱ्या एका शब्दाच्या अनुपस्थितीने मिळतो. फारसी व उर्दू यांत सूक्ष्मदर्शकाला 'खुर्दबीन' म्हणतात आणि हिंदीनेही तो शब्द घेतला. मराठीने 'दुर्बीण' घेतली, पण 'खुर्दबीन' घेतली नाही. सूक्ष्मदर्शक मराठी माणसाच्या परिचयाचा झाला तो शाळा-महाविद्यालयांतून, इंग्रजी शिक्षणाच्या काळात. तेव्हा नवे शब्द घडविण्याचे काम संस्कृतकडे गेले होते. दोन भगिनी-उपकरणांची नावे एकाच भाषेत दोन वेगळ्या राजवटींची साक्ष देतात.

रूपाच्या दृष्टीने 'दूरबीन'मध्ये दोन बदल घडले. शब्दाच्या आरंभीचा दीर्घ 'ऊ' जोडाक्षरापूर्वी ऱ्हस्व झाला, त्यात विशेष काही नाही. 'न'चा 'ण' का झाला हा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. मराठीने 'दिवाण', 'निशाण', 'हैराण', 'कुराण' यांत 'ण' केला, परंतु 'दुकान', 'मैदान', 'सामान', 'जमीन' यांत 'न' तसाच ठेवला. केवळ ध्वनिनियमाने याचा उलगडा होत नाही. 'दुर्बीण'च्या बाबतीत स्त्रीलिंगी नामांच्या '-ईण' या प्रत्ययाचे आकर्षण कारणीभूत झाले असावे, असे अनुमान करता येते. 'वाघीण-वाघिणी', 'मालकीण-मालकिणी' याच साच्यात 'दुर्बीण-दुर्बिणी' चपखल बसते. फारसीत लिंगभेदच नाही. मराठीत आल्यावर शब्दाला लिंग मिळाले आणि लिंगाबरोबर त्या लिंगाचा पेहरावही मिळाला. या स्थित्यंतरात 'दूर' हा घटक दृष्टीआड झाला. 'दुर्बीण'मधील 'दुर्' ऐकताना 'दूर'पेक्षा 'दुर्बल', 'दुर्गुण' यांतील उपसर्गच अधिक जवळचा वाटतो. व्युत्पत्ती माहीत नसलेला भाषक या शब्दाचे तुकडे करीतच नाही.

आणि येथेच या शब्दाच्या सामर्थ्याचे कारण आहे. 'दूर'चा विसर पडल्यामुळे शब्द अंतराच्या बंधनातून सुटला. रुग्णालयांत 'दुर्बिणीतून तपासणी' आणि 'दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया' हे शब्दप्रयोग सर्रास चालतात. ती नळी शरीराच्या आत काही अंगुळांवरचे दाखविते. शुद्धतावाद्यांना हा विपर्यास वाटतो. परंतु माक्स निट्झे याने १८७९ मध्ये मूत्राशय पाहण्याचे जे साधन जगापुढे ठेवले त्यात दूरदर्शी भिंगांचीच रचना होती, आणि इंग्रजी बोलणारे शल्यविशारद त्या भिंगनळीला आजही 'टेलिस्कोप'च म्हणतात. मराठी रुग्ण नकळत अचूक बोलतो. दुसऱ्या टोकाला नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिला कोणी डोळा लावीत नाही. 'दुर्बीण लावून शोधावे लागेल' हा वाक्प्रचार तर दूरच्या वस्तूसाठी नसून दुर्मिळ वस्तूसाठी आहे. फारसीतही असाच विस्तार झाला: इराणात 'दूरबीन' म्हणजे आज कॅमेरादेखील. तुर्कीत मात्र 'द्यूरब्यून' संकोच पावून हाती धरावयाच्या दूरदर्शी काचेपुरता राहिला आणि आकाश पाहण्याचे साधन 'तेलेस्कोप' झाले.

परिभाषेचा प्रश्न यातून उद्भवतो. मराठीत एकनळी व दोननळी या दोहोंना एकच नाव आहे. शास्त्रीय लेखनात भेद करावा लागतो. त्यासाठी 'दूरदर्शक' व 'द्विनेत्री दूरदर्शक' ही जोडी सुचविली जाते. 'सूक्ष्मदर्शक'शी ती जुळते हे खरे. पण 'दर्शक' हा शब्द पाहणारा आणि दाखविणारा अशा दोन्ही अर्थांनी चालतो, आणि दिल्लीत १९५९ मध्ये सुरू झालेल्या प्रसारणाने पुढे 'दूरदर्शन' हे नाव घेतल्यापासून 'दूरदर्शक' ऐकणाऱ्याच्या मनात दूरचित्रवाणीचा प्रेक्षक प्रथम उभा राहतो. 'द्विनेत्री' हे विशेषण मात्र उपयुक्त आहे. नेत्र साधनाचे की पाहणाऱ्याचे हा संशय त्यात राहतो खरा, पण तो 'बायनॉक्युलर'मध्येही डेरमच्या काळापासून आहे. तेव्हा 'दुर्बीण' हे विशेष्य कायम ठेवून 'द्विनेत्री दुर्बीण', 'रेडिओ दुर्बीण', 'अवकाश दुर्बीण' अशी विशेषणे जोडणे हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. लोकांनी तो परिभाषाकारांची वाट न पाहता केव्हाच धरलेला आहे. पक्षिनिरीक्षकांत 'बायनॉक्युलर' हा शब्दही रूढ आहे, आणि मराठीने त्याला एकवचनी करून घेतले आहे: 'माझा बायनॉक्युलर' असेच ऐकू येते, 'माझे बायनॉक्युलर्स' क्वचित.

मराठीला दोनपणा मुळीच व्यक्त करता येत नाही, असे मात्र समजू नये. 'त्याने दुर्बीण डोळ्याला लावली' आणि 'त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहिली तर पहिल्यात नाखव्याच्या हातातली एक नळी दिसते, दुसऱ्यात दोन. उपकरणाच्या नावात जे नाही ते मराठीने डोळ्याच्या विभक्तीत ठेवले आहे. बोलताना ही सीमा पुष्कळदा पुसट होते, कारण 'डोळ्यात पाणी आले' या वाक्यात एकच डोळा अभिप्रेत नसतो, आणि 'डोळ्याशी' व 'डोळ्यांशी' यांतील अनुस्वार कानाला जेमतेमच लागतो. 'डोळ्याला' व 'डोळ्यांना' यांत मात्र प्रत्ययच बदलत असल्यामुळे भेद स्पष्ट ऐकू येतो.